उन्हाळ्यात घर आणि गोठा थंड ठेवा : आधी छत, शेवटी वीज



मार्च महिना सरत आला की गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, गोठ्यात कोणता पंखा बसवू?" अलीकडे पंख्याबरोबर फॉगर आणि कूलर यांचीही चौकशी होते. माझा विषय कृषिविद्या, म्हणजे पीक, माती आणि पाणी. तरीही या प्रश्नाला मी एकच उत्तर देतो : "पंखा नंतर पाहू. आधी दुपारी तीन वाजता गोठ्यात उभे राहून वर पत्र्याकडे हात करा आणि काय जाणवते ते सांगा."

या उत्तरामागे एक अनुभव आहे. राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर मे महिन्यात भर दुपारी जाण्याचा योग आला. गोठ्यात सहा संकरित गाई होत्या. दोन मोठे नवे पंखे पूर्ण वेगाने चालू होते, तरी गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या. गोठ्याची उंची जेमतेम आठ फूट आणि वर गंजलेला पत्रा. पत्र्याखाली साचलेली तापलेली हवा पंखे खाली गाईंच्या अंगावर ढकलत होते. त्या शेतकऱ्याने पैसे खर्च केले होते, विजेचे बिल वाढले होते आणि दूध मात्र घटलेलेच होते. त्याचा हेतू चांगला होता, खर्चाचा क्रम तेवढा चुकला होता. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

छतच का?

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या अगदी डोक्यावरून जातो. जुलैत ढग असतात, मेमध्ये नसतात. डोक्यावरच्या सूर्याचे ऊन दक्षिणेच्या भिंतीवर फारसे पडत नाही, ते थेट छतावर पडते. दुपार कलल्यावर पश्चिमेची भिंत तापते. म्हणून उन्हाळ्यात छत हा पहिला शत्रू आणि पश्चिमेची बाजू हा दुसरा.

आता थोडा हिशोब करू. मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे ९०० वॅट इतकी उष्णता उन्हातून येते. ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद गोठ्याचे छत साधारण ४२ चौरस मीटर भरते. म्हणजे त्या छतावर सुमारे ३८ किलोवॅट उष्णता ओतली जाते. पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारींची शक्ती तेवढी असते. दुधाळ संकरित गाय स्वतःच्या शरीरातून साधारण एक किलोवॅट उष्णता बाहेर टाकते, म्हणजे सहा गाईंची मिळून सहा किलोवॅट. छतावरची सगळी उष्णता खाली येत नाही, बरीच वाऱ्याबरोबर जाते. पण गंजलेला, काळवंडलेला पत्रा पडलेल्या उन्हातील तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त उष्णता शोषतो. तो ६० अंशांच्या वर तापतो आणि चुलीवरच्या तव्यासारखी धग खाली सोडतो. ही धग हवेवाटे येत नाही, प्रारणाने थेट अंगावर येते. त्यामुळे पंखा कितीही मोठा असला तरी ती अडत नाही.

नव्या चकचकीत पत्र्याचे काय, असे काही जण विचारतात. तो बरेच ऊन परतवतो हे खरे. परंतु शोषलेली उष्णता आकाशाकडे परत टाकण्याची त्याची ताकद कमी असते, म्हणून तोही तापतो. पांढरा रंग ऊन परतवतो आणि उष्णताही चटकन बाहेर टाकतो. पांढऱ्या रंगाचा खरा फायदा या दुहेरी गुणात आहे.

आपली जुनी धाब्याची घरे आठवून पाहा. लाकडी सरे, त्यावर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन तो थर पार करेपर्यंत संध्याकाळ होत असे. ही घरे पावसाळ्यात गळत, दरवर्षी माती टाकावी लागे आणि लाकूड महाग झाले, म्हणून लोकांनी ती सोडली. आमच्याही घरी धाबे उतरवून पत्रे घातले. गळती थांबली, पण उन्हाळ्यात आजी दुपारभर घरात न बसता लिंबाखाली बाज टाकून बसू लागली. पुन्हा धाबे बांधा असे मी म्हणणार नाही. परंतु धाब्याचे काम आता पत्र्यावर किंवा स्लॅबवर कसे करून घ्यायचे, याचा विचार आपण जरूर करावा. उसात आपण पाचटाचे आच्छादन करतो, कारण उघडी जमीन तापते. छतालाही हाच नियम लागू आहे.

केंद्र शासनाने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छतातून आत शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे : दर चौरस मीटरला, तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे १.२ वॅट. आपल्या उघड्या स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता शिरते. ही संहिता मोठ्या नव्या इमारतींसाठी आहे, वस्तीवरच्या घरासाठी नाही. परंतु थंडाव्याची सुरुवात छतापासून करावी, हे तिच्यावरूनही लक्षात येते.

पायरी १ : छताची दुरुस्ती

अ) लोखंडी पत्रा : प्रथम तारेच्या ब्रशने गंज काढावा, धूळ धुवावी आणि गंजरोधक हात द्यावा. नंतर बाहेरच्या भिंतींसाठी मिळणाऱ्या चांगल्या पांढऱ्या रंगाचे किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. पत्रा नालीदार असल्याने मोजलेल्या क्षेत्रापेक्षा साधारण १५ टक्के रंग जास्त लागतो. वरील ३० × १५ फुटांच्या गोठ्याला दोन हातांसाठी अकरा-बारा लिटर रंग पुरतो. पत्र्यावर नुसता चुना मारू नये. तो नीट धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो आणि ओलसर चुन्याने पत्र्यावरचा जस्ताचा थरही खराब होतो.

आ) सिमेंटचा पत्रा : यावर चुना चांगला बसतो. निवळ, गाळलेल्या चुन्यात थोडे पांढरे सिमेंट आणि चिकटपणासाठी डिंक मिसळून दोन हात द्यावेत. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. म्हणून असा पत्रा कोरडा घासू नये, कापू नये. आधी पाणी मारून ओला करावा आणि मऊ कुंच्यानेच साफ करावा. जुना पत्रा माणसाच्या भाराने अचानक तुटतो. त्यावर थेट पाय न ठेवता आडव्या फळ्या टाकून काम करावे.

इ) स्लॅबचे घर : स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती घरात सोडतो. म्हणून स्लॅबच्या घरात रात्री नऊ-दहा वाजता अधिक उकडते. येथे चुन्याचे दोन हात हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावेत. स्लॅब गळत असेल तर गळतीच्या दुरुस्तीबरोबरच वीटतुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवून घ्यावेत. एकाच खर्चात गळतीही थांबते आणि तापही कमी होतो. मातीचा जाड थर मात्र स्लॅबवर विचारल्याशिवाय टाकू नये. ओल्या मातीचे वजन फार असते, ते स्लॅबला पेलेल का हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

ई) शेतातले आच्छादन : रंगाला पैसे नसतील तर उसाचे पाचट, बाजरीचे सरमाड किंवा तुरीच्या तुराट्या वापराव्यात. मार्चमध्ये चार ते सहा इंचांचा थर पत्र्यावर पसरून बांबू आणि जुन्या जाळीने घट्ट बांधावा. वळवाच्या वादळात तो उडून जाऊ नये याची काळजी घ्यावी. जूनमध्ये तोच माल खाली काढून शेतात आच्छादनासाठी किंवा कंपोस्ट खड्ड्यात वापरता येतो. परंतु जेथे चूल आहे, विजेची उघडी तार आहे किंवा तारेला जोड आहे, तेथे हा उपाय मुळीच करू नये. वाळलेले पाचट ठिणगीने क्षणात पेटते.

उ) पत्र्याखाली अस्तर : घरात पत्र्याखाली सहा ते नऊ इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे आढे करावे. मधल्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा बाहेरच्या बाहेर जाते. पोकळी बंद केली तर निम्मा फायदा वाया जातो. चकचकीत फॉइलचे अस्तर लावायचे असल्यास त्याची चकाकी पोकळीकडे असावी. थर्माकोल उघडा लावू नये. तो पेटतो आणि उंदीरही तो कुरतडतात.

केवळ पांढऱ्या रंगाने पत्र्याखालच्या जागेत दुपारी साधारण २ ते ४ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. वरून येणारी धग कमी होते ती वेगळीच. हा उपाय आता शहरांनीही घेतला आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले.

पायरी २ : पश्चिमेची सावली

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असेल तर ऊन आत कमी शिरते. परंतु बांधलेला गोठा फिरवता येत नाही. तो दक्षिणोत्तर असेल तर पश्चिम बाजूला दुपारी दोननंतर शेडनेट किंवा गोणपाटाचा पडदा सोडावा. पडदा भिंतीसारखा घट्ट न लावता छपरापासून थोडा बाहेर, तिरपा धरावा, म्हणजे सावली मिळून वाराही चालतो.

कायमचा उपाय म्हणजे झाडे. पश्चिमेला दहा-बारा फूट अंतरावर शेवरी किंवा हादगा लावावा. दोन्ही झपाट्याने वाढतात आणि पाला चाऱ्याच्या कामी येतो. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात, म्हणून तो छपरावर झुकू देऊ नये. सात-आठ फुटांपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे खालून वारा खेळतो. गव्हाणीचे आणि धुण्याचे पाणी या झाडांच्या आळ्यात सोडावे. वेल चढवायचा असेल तर दुधी भोपळा, घोसाळे किंवा दोडका जानेवारीत लावावा. वेल पत्र्यावर थेट न सोडता त्याच्या फूटभर वर मांडव करावा. तापलेल्या पत्र्याने कोवळे शेंडे भाजतात आणि पावसाळ्यात ओल राहून पत्रा गंजतो.

पायरी ३ : वाऱ्याला वाट

गरम हवा हलकी असते, ती वर जाऊन आढ्याला साचते. आढ्यावरचा कोनी पत्रा सहा ते नऊ इंच वर उचलून बसवला तर तिला बाहेर पडायला वाट मिळते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वरचा पत्रा दोन्ही बाजूंना पुरेसा बाहेर काढावा आणि वादळाने उचलू नये म्हणून हुक-बोल्टने पक्का करावा. गोठ्याच्या भिंती छपरापर्यंत चढवलेल्या असतील तर तीन-चार फुटांवरील भाग उघडा करून जाळी लावावी. दरवाज्याच्या गवंड्याला एक दिवसाचे काम आहे, पण फरक रोजचा आहे.

घराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दगडी किंवा जाड भिंतींच्या घराची दारे-खिडक्या दुपारी बंद आणि रात्री उघड्या ठेवाव्यात, म्हणजे रात्रीचा गारवा भिंतींत साठतो. पत्र्याचे, पातळ भिंतींचे घर मात्र दुपारी बंद ठेवल्यास भट्टी होते. त्याच्या समोरासमोरच्या खिडक्या दिवसाही उघड्या असाव्यात.

पायरी ४ : पाणी, पण जपून

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा कोरडी असल्याने हा उपाय येथे फार चांगला चालतो. नगरच्या फराहबाग महालाची रचना पाहा. सोळाव्या शतकात निजामशाहीत तो चारी बाजूंनी पाण्याने वेढून बांधला होता. पण पाणी असेपर्यंतच तो थंडावा. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला आहे, अनेक गावांत मे महिन्यात टँकर येतो. म्हणून पाण्याचा उपाय छत आणि वारा यांची कामे झाल्यावरच करावा.

गाईच्या पाठीवर मोठ्या थेंबांनी एक-दोन मिनिटे पाणी मारावे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे वारा द्यावा. पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. केसांवर नुसते धुके बसले आणि वारा नसला तर अंगातील उष्णता उलट कोंडली जाते. हवा ३८ अंशांच्या वर गेली की कोरड्या पंख्याचा उपयोग फार कमी होतो, कारण वाराच अंगापेक्षा गरम असतो. पावसाळ्यात हवा दमट असताना फॉगर आणि कूलर बंद ठेवून फक्त वारा द्यावा. घरातील कूलर उत्तरेच्या सावलीत, बाहेरच्या हवेवर चालवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो. पिण्याच्या पाण्याची टाकी सावलीत असावी आणि तिलाही पांढरा रंग द्यावा. तापलेले पाणी गाय पोटभर पीत नाही.

पायरी ५ : शेवटी वीज

एवढे केल्यावर पंखा बसवावा, तेव्हा तो खरे काम करतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. रोज १२ तास आणि वर्षात २४० दिवस वापर धरला तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात. खरेदी करताना तारांकनाचे लेबल पाहावे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचे आहे. साठ वॅटचा जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. त्याऐवजी नऊ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास रोज सहा तासांच्या वापरात वर्षाला सुमारे ११० युनिट वाचतात.

घरावर सौर संच बसवण्याचा विचार असेल तर तोही याच क्रमाने करावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले आहे. अटी अर्जापूर्वी तपासाव्यात. घराची गरज आधी कमी केली तर लहान संच पुरतो आणि कर्जही लहान राहते. पत्र्याचा सांगाडा संचाचे वजन आणि वारा पेलेल याची खात्री करून घ्यावी.

खर्च निघतो का?

कोणताही उपाय करण्यापूर्वी खर्चाला वर्षाच्या बचतीने भागावे. जेवढे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत पैसे वसूल होतात. उदाहरणादाखल, सहा गाईंचे दूध उन्हामुळे प्रत्येकी एक लिटरने घटत असेल, तर १५ मार्चपासून ७५ दिवसांत ४५० लिटर दूध गेले. लिटरला ३० रुपये धरले तर १३,५०० रुपये. उशिरा गाभण जाणे आणि औषधपाणी यात धरलेले नाही. आता बारा लिटर रंग आणि दोन मजूर यांचा तुमच्या गावचा दर घाला. निम्मी घट जरी वाचली तरी पैसे एक-दोन उन्हाळ्यांत परत येतात की नाही, ते तुम्हालाच दिसेल.

फरक डोळ्यांनी पाहण्यासाठी दोन मोजमापे करावीत. एक साधा तापमापक गोठ्यात गाईच्या उंचीवर, दुसरा बाहेर झाडाच्या सावलीत टांगावा. दुपारी तीनचे आकडे आठवडाभर वहीत लिहावेत. दुसरे, गाय शांत उभी असताना तिच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजावी. श्वास ६० च्या वर गेला तर गाय उन्हाच्या ताणाखाली आहे, ८० च्या वर गेला तर ताण तीव्र समजावा. हेच आकडे काम झाल्यावर पुन्हा घ्यावेत. होल्स्टिन फ्रिजियन रक्त जास्त असलेल्या गाईंना आपल्या गीरपेक्षा ऊन लवकर बाधते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करावी. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'फुले त्रिवेणी' या संकरित गाईत होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तिन्हींचे रक्त आहे. परंतु गीरचा अंश असला तरी सावली लागतेच.

कामाचे वेळापत्रक

१) जानेवारी : वेल लावणे, छताची मोजणी, गंज व गळती पाहणे.
२) फेब्रुवारी : आढे उचलणे, भिंतीतील जाळी, हुक-बोल्ट तपासणे.
३) मार्च : रंग किंवा चुना, आच्छादन, पश्चिमेचे पडदे.
४) एप्रिल-मे : मोजमाप, पाण्याचा जपून वापर, रात्री घर उघडे ठेवणे.
५) जून-जुलै : पाचट उतरवून शेतात टाकणे, झाडे लावणे.

रंग, चुना, जाळी या वस्तू तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि काम गावातले गवंडी करू शकतात. सर्व एकाच वर्षी होणार नाही. या वर्षी छत, पुढच्या वर्षी वारा आणि झाडे, असे केले तरी चालेल. मात्र क्रम बदलू नये. गोठ्याचे काम करताना घराचा पत्राही त्याच वेळी रंगवून घ्यावा. गाईच्या दुधाचा हिशोब वहीत लागतो. दुपारी घरात असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आणि तान्ह्या मुलांचा हिशोब कोणी मांडत नाही, पण ऊन त्यांनाही तेवढेच लागते.